तारीख फिरवण्याआधी काटे सहावर आणा!

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी संपत आला, आणि कमेंटमध्ये दरवर्षीचा प्रश्न सुरू झालाय : 'दादा, एक मार्चला घड्याळ २९ दाखवतंय, तारीख कशी फिरवू?'

आधी प्रकार, पटकन. साधं डेट किंवा डे-डेट (तारीख आणि वार) घड्याळ प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच धरतं, म्हणून वर्षातून पाचदा आपला हात लागतो. अॅन्युअल कॅलेंडरला ३० आणि ३१ कळतं, फेब्रुवारी कळत नाही. एक मार्चला एकदाच दुरुस्ती. पटेक फिलिप या स्विस कंपनीने हे १९९६ साली मनगटावर आणलं. पर्पेच्युअल कॅलेंडरला फेब्रुवारी आणि लीप वर्षही कळतं. ते बंद पडू दिलं नाही, तर हात लावायचा थेट २१०० साली, कारण ते वर्ष चारने भागलं जातं पण लीप नाही.

आता मुद्दा. रात्री नऊ ते पहाटे तीन, या वेळात चावी (कडेची फिरवायची गुंडी) एक टप्पा ओढून तारीख फिरवायची नाही. आत एक चाक २४ तासांत एक फेरा घेतं. नऊच्या सुमारास त्याचं बोट तारखेच्या चकतीच्या दात्यात शिरतं आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी सुटतं. बोट आत अडकलेलं असताना तुम्ही चकती ओढली, की दाता मोडतो, नाहीतर बोट.

यावर हमखास कमेंट येते : 'मी तर सकाळी दहाला फिरवली, तरी मशीन गेलं.' अहो, सकाळ तुमची होती. घड्याळाची कुठली होती? चार दिवस कपाटात बंद पडलेल्या घड्याळात दहा वाजलेत, ते सकाळचे की रात्रीचे, हे डायलवर कळत नाही. खिडकीतून ऊन येतंय म्हणून घड्याळात दिवस असेल असं धरू नका. रात्र घड्याळाची मोजायची, सोलापूरची नाही.

म्हणून माझी पद्धत लिहून घ्या. चावी पूर्ण ओढा, काटे पुढेच फिरवा. तारीख पलटली, म्हणजे घड्याळात मध्यरात्र झाली. तसंच पुढे नेऊन सकाळचे सहा करा. आता चावी एक टप्पा आत घ्या आणि कालची तारीख लावा. मग पुन्हा काटे पुढे. मध्यरात्र ओलांडली की आजची तारीख आपसूक येईल. दुपार झाली असेल तर काटे बारा ओलांडून पुढे न्या. काही नव्या मशीनमध्ये हा धोका नसतो, पण पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच विश्वास ठेवा.

नवी पेठेत मी ज्या घड्याळजींकडे बसतो, त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि वडिलांची एचएमटी घेऊन आलेल्या एका मुलाची चकती दाखवली. एकच दाता गेलेला. बाकी मशीन धडधाकट, पण दर महिन्याला त्याच तारखेला अडकायचं. जुनं घड्याळ विकत घेतानाही हेच बघा : विकणाऱ्यासमोर काटे पुढे नेत मध्यरात्र ओलांडा, दोन-तीनदा. जो 'नको, सेटिंग बिघडेल' म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

'लाखो रुपयांचं घड्याळ आणि तारीख हाताने? मोबाईल आहे की!' असं लिहिणारे खूप. मला यावर खरंच तळमळीने बोलायचंय. पारंपरिक पर्पेच्युअलमध्ये खाचा असलेली एक चकती चार वर्षांत एक फेरा घेते. तिच्यात ४८ महिने कोरलेले असतात. महिना जितका लहान, तितकी खाच खोल. बॅटरी नाही, चिप नाही, नुसत्या पितळ-पोलादाला फेब्रुवारी कळतो. घड्याळकार कर्ट क्लाउस यांनी १९८५ साली आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या दा विंची घड्याळात हे सगळं एकाच चावीवर चालवलं, वर्षाच्या चार आकड्यांसकट. त्यात तारीख मागे येत नाही. एक दिवस जास्त पुढे गेली, तर घड्याळ बंद ठेवून तो दिवस उजाडेपर्यंत थांबायचं.

कडेला बटणं असलेल्या पर्पेच्युअललाही रात्रीचा तोच नियम. आणि ती बटणं टाचणीने दाबू नका, केसवर ओरखडा कायमचा राहतो. सोबत मिळालेली काडीच वापरा. तुमच्या घड्याळाचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, त्याची चावी किती टप्प्यांची ते सांगतो.