थेसालोनिकीला जायचे तर

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीसला सुटीसाठी जायचे म्हटले की आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचा बेत ठरलेला असतो. अथेन्समध्ये दोन दिवस राहायचे, ॲक्रोपोलिस पाहायचे, जहाजाने सँटोरिनी बेट गाठायचे आणि परतायचे. त्या बेताला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु आज मी ग्रीसच्या उत्तरेकडील थेसालोनिकी या शहराविषयी बोलणार आहे, आणि माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की या शहराला किमान चार पूर्ण दिवस द्यावेत आणि त्या दिवसांची आखणी शहराच्या इतिहासाच्या क्रमाने करावी. तसे केले नाही, तर समुद्रकाठचे एक मोठे, गजबजलेले बंदर पाहिल्याचे समाधान मिळेल, पण शहराची ओळख होणार नाही.

इ. स. पूर्व ३१५च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा कॅसँडर याने हे शहर वसवले आणि त्याला आपल्या पत्नीचे नाव दिले. ही राणी थेसालोनिकी म्हणजे सिकंदराची सावत्र बहीण. तेव्हापासून आजपर्यंत येथली वस्ती कधी तुटली नाही. मॅसिडोनियन राजांनंतर रोमन आले, मग बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन सम्राटांचा मोठा काळ गेला, १४३० पासून १९१२ पर्यंत ऑटोमन तुर्कांची सत्ता राहिली आणि त्यानंतर शहर ग्रीक राज्यात आले. या प्रत्येक काळाच्या खुणा आजच्या दुकानांच्या, बसथांब्यांच्या आणि राहत्या घरांच्या मधोमध उभ्या आहेत. म्हणून येथे एका फाटकातून आत शिरून दोन तासांत सगळे पाहून बाहेर पडता येत नाही, त्यासाठी रस्त्यारस्त्याने चालावे लागते.

आधी हंगामाविषयी. एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, आणि ऑगस्टच्या मध्यावर गावातले लोकच हाल्किदिकीच्या समुद्रकिनाऱ्यांवर गेलेले असल्यामुळे अनेक लहान दुकाने व खानावळी बंद आढळतात. हिवाळ्यात उत्तरेकडून ‘वार्दारिस’ नावाचा बोचरा वारा सुटतो. सप्टेंबरमध्ये शहरात आंतरराष्ट्रीय व्यापारी जत्रा भरते आणि नोव्हेंबरच्या आसपास चित्रपट महोत्सव असतो, त्या दिवसांत हॉटेले भरलेली आणि महाग असतात. २६ ऑक्टोबर हा शहराचे पालक संत दिमित्रिओस यांचा उत्सवदिन, आणि याच तिथीला १९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आले. दोनच दिवसांनी, २८ तारखेला, राष्ट्रीय सणाचे मोठे संचलन येथेच होते. गर्दी चालणार असेल, तर हा आठवडा मुद्दाम निवडावा. एरवी तो टाळावा. ग्रीसमध्ये पाळल्या जाणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या ईस्टरची तारीखही आधी पाहून ठेवावी, कारण ती आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळी असते. २०२७ साली ती २ मे आहे. ईस्टरच्या रविवारी, तसेच १ मे आणि २५ मार्च रोजी सरकारी संग्रहालये व पुरातत्त्वस्थळे बंद असतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच चालणारा, लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा त्यासाठी आवश्यक असतो. उन्हाळी सुटीच्या तोंडावर अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळवणे अवघड जाते, म्हणून विमानाची तिकिटे शोधण्याआधीच हे काम हाती घ्यावे. अथेन्सहून थेसालोनिकीला विमानाने तासाभरात आणि रेल्वेने साधारण पाच तासांत जाता येते. विमानतळावरून शहरात येण्यासाठी बस आहे. मुक्काम शक्यतो अरिस्तोतेलूस चौकाच्या आसपास घ्यावा, म्हणजे पुढे सांगितलेल्या बहुतेक जागा चालण्याच्या अंतरात येतात.

पहिला दिवस रोमन शहराला द्यावा. एग्नातिया हा आजचा वाहता रस्ता. त्याचे नाव एड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडे जाणाऱ्या प्राचीन रोमन राजमार्गावरून आले आहे. त्याच्या कडेलाच सम्राट गॅलेरियसची कमान उभी आहे. इराणच्या सासानी राजावर मिळवलेल्या विजयाचे प्रसंग तिच्या खांबांवर कोरलेले आहेत. कमानीपासून थोडे वर चढले की रोटुंडा दिसते. इ. स. ३०६च्या सुमारास बांधलेल्या या गोल वास्तूच्या भिंती सहा मीटरहून अधिक जाड आहेत आणि घुमटाचा व्यास सुमारे साडेचोवीस मीटर आहे. रोमन काळानंतर तिचे चर्च झाले, १५९१ मध्ये मशीद झाली आणि १९१२ नंतर पुन्हा चर्च. मशिदीच्या काळातला मिनार आजही तिच्या अंगणात उभा आहे, आणि शहरात अखंड उरलेला तो एकमेव मिनार आहे. आत जाऊन बाकावर बसावे, मान वर करून घुमटातला मोझेक, म्हणजे बारीक खडे जडवून केलेले चित्र, पाहावा आणि तिथे अर्धा तास तरी काढावा, कारण सोनेरी खड्यांवरचा प्रकाश पाहण्यासाठी डोळ्यांना सवय व्हावी लागते.

त्याच दिवशी मेट्रोने एक फेरी जरूर करावी. २००६ मध्ये सुरू झालेले मेट्रोचे काम ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण होऊन गाडी धावू लागली. एवढा विलंब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे जमिनीखाली सापडत गेलेले प्राचीन अवशेष. व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी बायझंटाईन काळातला दुकानांसह असलेला हमरस्ता आणि त्याचा चौक सापडला. तो वाचवावा की हलवावा यावर शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी अवशेष उचलून, स्थानक बांधून झाल्यावर पुन्हा त्याच जागी मांडण्यात आले, आणि आज कामावर निघालेली माणसे त्या जुन्या रस्त्याच्या शेजारून फलाटाकडे जातात. अवशेष जागचे हलवायला नको होते असे म्हणणाऱ्या अभ्यासकांची बाजू मला पटते. तरीही ते डोळ्यांसमोर राहिले याचे मोल मोठे आहे.

दुसरा दिवस बायझंटाईन वास्तूंचा आणि वरच्या वस्तीचा. थेसालोनिकीतील १५ प्रारंभिक ख्रिस्ती व बायझंटाईन वास्तू १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सगळ्या पाहण्याचा हट्ट धरू नये. संत दिमित्रिओस यांचे चर्च, त्याखालचे तळघर आणि तेथली जुनी मोझेक चित्रे मात्र चुकवू नयेत. १९१७ च्या आगीत हे चर्च जळाले. आज दिसते ती इमारत मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभारलेली आहे. त्यानंतर ‘आनो पोली’ म्हणजे डोंगरउतारावरच्या जुन्या वस्तीकडे जावे. चढ चांगलाच आहे, म्हणून बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर बसने किंवा टॅक्सीने तटबंदीपर्यंत जावे आणि तिथून हळूहळू खाली उतरत यावे. वाटेत ओसिओस डेव्हिड हे अगदी लहान चर्च लागते. तेथल्या मोझेकमध्ये येशू दाढी नसलेला, तरुण दाखवला आहे. अशी प्रार्थनास्थळे दुपारी बंद होतात, म्हणून सकाळीच निघावे, आणि खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. दुपारनंतर बायझंटाईन संस्कृती संग्रहालय पाहिले, तर सकाळी पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ नीट लागतो.

तिसऱ्या दिवसाविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण बहुतेक प्रवासी तो वगळतात. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी हजारोंना या शहरात आसरा मिळाला. त्यांनी आपली जुनी स्पॅनिश बोली येथे चार शतकांहून अधिक काळ जपली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात सर्वांत मोठा समाज त्यांचाच होता, आणि बंदरातले हमालही ज्यू असल्यामुळे शनिवारी बंदराचे काम थांबत असे. ऑगस्ट १९१७ च्या आगीत शहराचा मध्यभाग जळून ७० हजारांहून अधिक लोक बेघर झाले, त्यांत ज्यूंची संख्या मोठी होती. आगीनंतर फ्रेंच वास्तुरचनाकार एर्नेस्ट एब्रार यांच्या आराखड्याप्रमाणे नवे शहर आखले गेले. आजचा देखणा अरिस्तोतेलूस चौक त्याच आराखड्यातला. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीत येथले मुसलमान तुर्कस्तानात गेले आणि आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासित आले. मग दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले. ११ जुलै १९४२ रोजी, शनिवारी, एलेफ्थेरियास चौकात हजारो ज्यू पुरुषांना भर उन्हात तासन् तास उभे करून छळले गेले. त्याच वर्षी त्यांची विस्तीर्ण दफनभूमी उद्ध्वस्त करण्यात आली. १५ मार्च १९४३ रोजी नाझींच्या आउश्वित्झ या मृत्युछावणीकडे पहिली रेल्वेगाडी निघाली आणि काही महिन्यांत पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसे नेली गेली. त्यांतली फारच थोडी परतली.

म्हणून तिसऱ्या दिवशी ज्यू संग्रहालय पाहावे, मोनास्तिर हे युद्धातून वाचलेले सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ पाहावे, आणि एलेफ्थेरियास चौकातल्या स्मारकापाशी थांबावे. दफनभूमीच्या जागेवर आज अरिस्टॉटल विद्यापीठ आहे. तिथल्या झाडांखालून चालताना हे माहीत असावे. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क यांचा जन्म १८८१ मध्ये याच शहरात झाला, आणि ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे. एका समाजाला हे शहर मायदेशाचे वाटते आणि दुसऱ्यालाही ते आपले गमावलेले गाव वाटते, हे तेथे गेल्यावर कळते. थेसालोनिकी सुंदर आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण येथे कोण राहत होते हे जाणून घेतल्यावाचून ते सौंदर्य अर्धेच पाहिले जाते, असे मला मनापासून वाटते. संध्याकाळी समुद्रकाठच्या श्वेत मनोऱ्यावर जावे. हा मनोरा ऑटोमन काळात तुरुंग होता, आता आत शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे. हवा स्वच्छ असेल, तर आखाताच्या पलीकडे २,९१७ मीटर उंचीचा ऑलिंपस पर्वत दिसतो.

शाकाहारी श्रोत्यांना एक उपयोगी गोष्ट सांगतो. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवासाच्या जेवणात मांस, अंडी, दूध नसते. त्याला ‘निस्तिसिमो’ म्हणतात, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ते सर्वत्र मिळते. मात्र त्यात कोळंबी, माकूळ यांसारखे प्राणी चालतात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. एरवीही शेंगदाण्याएवढ्या सहजतेने तिथे मिळणारे पदार्थ म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, पांढऱ्या घेवड्याचे सूप आणि पापुद्र्यांत पालक भरून भाजलेली ‘पाय’ (pie). न्याहारीला बुगात्सा मागावी. पातळ पापुद्र्यांत रव्याची गोड मलई भरलेली असते. कापानी आणि मोदियानो या दोन जुन्या मंडया एकमेकींजवळ आहेत. तिथे सकाळी जावे.

चौथा दिवस शहराबाहेर, वर्गिनाला. ते साधारण ७५ किलोमीटरवर आहे. बसने वेरियापर्यंत जाऊन तिथून दुसरी बस घ्यावी लागते, नाहीतर गाडी भाड्याने घ्यावी. १९७७-७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांनी येथे मॅसिडोनियाच्या राजघराण्याची न लुटली गेलेली थडगी उघडली. त्यांतले एक सिकंदराचा पिता दुसरा फिलिप याचे असल्याचे त्यांनी मांडले. ते पुष्कळांनी मान्य केले असले तरी त्यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालते. संग्रहालय टेकडीच्या पोटातच आहे, थडगी जागच्या जागी आहेत, आणि सोळा किरणांचा तारा असलेली सोन्याची पेटी तिथेच पाहायला मिळते. फिलिपचा खून इ. स. पूर्व ३३६ मध्ये ज्या नाट्यगृहात झाला, त्याचे अवशेषही जवळच आहेत. पाचवा दिवस हाताशी असेल, तर सिकंदराचे जन्मस्थान पेल्ला येथे जावे. चारच दिवस असतील, तर पेल्ला सोडावे, पण तिसरा दिवस आणि वर्गिना सोडू नये. नमस्कार.