टॉवर नाही, सर्किट आहे

[दृश्य: मोकळी धावपट्टी, कडेला विंडसॉक]

या धावपट्टीला नियंत्रण मनोरा नाही. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे 5,000 विमानतळ आहेत आणि टॉवर त्यांतल्या साधारण 500 ठिकाणीच आहे. बाकी सगळीकडे आधी कोण उतरणार आणि कोण थांबणार, हे वैमानिकच आपापसांत ठरवतात. बहुतेक अशा मैदानांवर विमानात रेडिओ असण्याचीही सक्ती नाही.

[दृश्य: हवेतून. लहान विमान धावपट्टीभोवती वळण घेतंय]

हे विमान आखत चाललेला चौकोन नीट पाहा. हेच सर्किट. उड्डाण वाऱ्याच्या तोंडाला. धावपट्टीचं टोक मागे पडलं आणि सर्किटची उंची गाठायला 300 फूट उरले, की पहिलं डावं वळण: क्रॉसविंड. पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं: डाउनविंड. उंची जमिनीपासून 1,000 फूट, टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी 1,500. मग डावीकडे वळून धावपट्टीच्या रेषेकडे: बेस. शेवटचं वळण घेऊन सरळ धावपट्टीच्या रेषेत: फायनल. वळणं डावीकडं, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि धावपट्टी सतत त्याच्या खिडकीत राहते. डोंगर किंवा वस्ती टाळण्यासाठी कुठं उजवं सर्किट ठेवलेलं असतं. नकाशावर त्या धावपट्टीपुढं ‘आरपी’ लिहिलेलं असतं. ते निघण्याआधीच वाचायचं.

बाहेरून येणाऱ्यानं सर्किटच्या उंचीवर आधीच यायचं आणि डाउनविंडच्या मध्यावर 45 अंशांत शिरायचं. पलीकडच्या बाजूनं येत असाल, तर सर्किटच्या 500 फूट वरून धावपट्टी ओलांडायची, पुरेसं लांब जायचं, तिथं उंची सोडायची आणि वळून त्याच 45 अंशांत यायचं. सर्किटमध्ये वरून उतरत शिरणं घातक, कारण खालचं विमान तुमच्याच पोटाखाली झाकलेलं असतं.

[दृश्य: कॉकपिट. हात रेडिओच्या बटणावर]

रेडिओची पहिली हाक 10 मैलांवरून. आधी मैदानाचं नाव, मग विमान, जागा, उंची, इरादा, आणि शेवटी पुन्हा मैदानाचं नाव. नाव दोनदा, कारण 122.8 सारखी एकच फ्रिक्वेन्सी आसपासच्या कित्येक मैदानांना दिलेली असते. दोघं एकाच वेळी बोलले तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि दोघांनाही वाटतं, आपलं सांगून झालं. ‘आसपास कुणी असेल तर कळवा’ असा पुकारा तर करूच नये. एकदम चार उत्तरं येतात आणि एकही धड कळत नाही.

[दृश्य: एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या]

19 नोव्हेंबर 1996, संध्याकाळ. इलिनॉय राज्यातलं क्विन्सी. बीचक्राफ्ट 1900 हे प्रवासी विमान धावपट्टी 13 वर उतरत होतं. तिला काटकोनात छेदणाऱ्या धावपट्टी 4 वर किंग एअर हे दुहेरी इंजिनाचं छोटं विमान उभं, त्याच्यामागं पायपर चेरोकी हे आणखी लहान विमान. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारलं, ‘4 वरचं विमान थांबणार की निघणार?’ किंग एअर गप्प. उत्तर दिलं मागच्या चेरोकीनं, आपण किंग एअरच्या मागं थांबलोय म्हणून. ते बोलणं चालू असतानाच प्रवासी विमानातल्या यंत्रानं उंची पुकारली आणि मधले शब्द बुडाले. ऐकू आलं ते इतकंच: थांबलोय, धावपट्टी 4, किंग एअर. उतरणाऱ्यांना वाटलं, किंग एअरच थांबतंय. किंग एअर मात्र धावू लागलं. दोन्ही विमानांतले 14 जण गेले.

[निवेदन नाही, 8 सेकंद. दृश्य: धावपट्ट्यांचा छेद]

तपासात मुख्य ठपका आला तो किंग एअरच्या वैमानिकांवर: त्यांनी ना रेडिओ नीट ऐकला, ना बाहेर पाहिलं.

[दृश्य: पिवळ्या रेषांपाशी थांबलेलं विमान जागच्या जागी वळतंय]

म्हणून हे वळण पाहा. चार पिवळ्या रेषा, दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेषांच्या अलीकडं थांबून विमान पूर्ण फिरवायचं, म्हणजे बेस, फायनल आणि धावपट्टीचं दुसरं टोकही नजरेखालून जातं. दुसऱ्या टोकाकडून कुणी वाऱ्यासोबतही उतरत असू शकतं.

[दृश्य: समोरची काच, पुढे मोकळं आकाश]

नजर टाकायची तीही तुकड्यातुकड्यानं: 10 अंशांचा एक तुकडा, त्यावर किमान एक सेकंद. डोळा सरसर फिरवला तर काहीच टिपत नाही. पुढं दिसणारं विमान काचेवर सरकत असेल, तर धोका कमी. काचेवरच्या डागासारखं एका जागी राहून ते मोठं होत असेल, तर टक्कर ठरलेली. दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष बाजूला होईपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेचं विमान प्रशासन शिकवतं. त्यातले पाच सेकंद टक्कर होणार हे उमगण्यातच जातात. समोरासमोर येणारी, 90 नॉटनं, म्हणजे ताशी सुमारे 167 किलोमीटरनं उडणारी दोन विमानं तेवढ्या वेळात एकमेकांच्या एक किलोमीटरहून जास्त जवळ येतात.

[दृश्य: फायनलवर एकावर एक दोन विमानं. वरच्याचे पंख पोटाखाली, खालच्याचे छतावर]

ही सगळ्यात वाईट जोडी. वरच्याला त्याचे पंख खालचं दिसू देत नाहीत, खालच्याला त्याचं छत वरचं.

[दृश्य: लांबून सरळ येणारं दुहेरी इंजिनाचं विमान]

18 ऑगस्ट 2022, कॅलिफोर्नियातलं वॉटसनविल. सर्किटमधलं सेसना 152, आणि 10 मैलांवरून ‘सरळ येतोय’ सांगत आलेलं सेसना 340. दुसऱ्याचा वेग जवळजवळ 180 नॉट, पहिल्याच्या दुपटीहून जास्त. दोघंही रेडिओवर बोलत होते. तरी टक्कर झाली. तिघांचा मृत्यू झाला.

सरळ येणं बेकायदा नाही. पण सर्किटमध्ये विमानं असताना आणि हवा स्वच्छ असताना त्याचं समर्थन होत नाही. नजर जिथं शोधते तिथं विमान असलं, तरच ते दिसतं. फायनलवर खालच्याला हक्क असतो, पण त्या हक्काच्या जोरावर दुसऱ्याच्या पुढं घुसायची परवानगी नियम देत नाही. शंका आली की पूर्ण पॉवर, धावपट्टीच्या एका बाजूला सरकून वर, खालचं विमान नजरेत ठेवून. मग पुन्हा क्रॉसविंड, पुन्हा डाउनविंड.