जंतूंचं फोलेट आणि सल्फाची गोळी

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरकरांना मेथी-पालकातून फोलेट हे जीवनसत्त्व आयतं मिळतं. बहुतेक जंतूंना तयार फोलेट आत घेताच येत नाही, ते पाबा नावाच्या छोट्या रेणूपासून स्वतःच बनवतात. सल्फा औषधाचा रेणू दिसायला पाबासारखा. जंतूचं एन्झाइम फसून तोच धरून बसतं आणि फोलेट अडतं. आपल्या पेशींत ते एन्झाइम नसतंच. डोनाल्ड वूड्स यांनी १९४० मध्ये दाखवलं की पाबा घातला की सल्फाचा परिणाम नाहीसा होतो.

को-ट्रायमॉक्साझोलच्या साध्या गोळीत ४०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल हे सल्फा औषध आणि ८० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असतं. पहिलं जंतूच्या फोलेटच्या वाटेवरची आधीची पायरी अडवतं, दुसरं पुढची. गोळीत पाचास एक असलेलं हे प्रमाण रक्तात साधारण वीसास एक होतं.

गळवात पू साचला असेल तर मात्र हे औषध लुळं पडतं. जंतूला फोलेट लागतं ते मुख्यतः थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, बनवायला. मेलेल्या पेशींतून तेच आयतं सुटतं आणि जंतूचं फोलेटावाचून भागतं. म्हणून आधी चिरा देऊन पू काढायचा, औषधाचं नंतर. लॅबमध्येही हाच घोळ होतो: जंतू वाढवायच्या प्लेटच्या माध्यमात थायमिडीन जास्त असलं की औषधाला दबणारा जंतूही न दबणारा दिसतो. म्हणून माध्यमाची नवी खेप आली की एन्टरोकोकस फिकॅलिसचा ठरलेला वाण पसरून त्यावर को-ट्रायमॉक्साझोलची चकती ठेवतात. भोवती किमान २० मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ उमटायला हवं. वर्तुळाच्या आत धूसर वाढ दिसली तर खेप बाद. हे तपासल्याशिवाय दिलेल्या रिपोर्टवर माझा तरी भरवसा बसत नाही.

बायोटिन या दुसऱ्या जीवनसत्त्वाची गंमत वेगळीच. उंदराच्या रक्तात ते माणसाच्या कित्येक पट असतं. त्यामुळे जंतूचं बायोटिन बनवणं बंद पाडणारं औषध उंदरावर नापास होतं, जंतू उंदराच्याच रक्तावर पोसला जातो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना स्ट्रेप्टाव्हिडिन हे बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन देऊन ते बांधून टाकलं, आणि तोच उपाय लागू पडला. चांगली औषधं अशा चाचण्यांत किती वाया गेली असतील, कोण जाणे!

आता रोजच्या उपयोगाचं. दवा बाजारातून सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक आणलंत आणि सोबत बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल मिळाली, तर तिच्या पट्टीवर झिंक किंवा लोह लिहिलंय का ते बघा. ही खनिजं पोटात सिप्रोला चिकटतात आणि औषध पुरेसं रक्तात उतरत नाही. कॅल्शियमचंही तसंच. आधी सिप्रो घ्या, कॅप्सूल दोन तासांनी. कॅप्सूल आधी घेतली असेल तर सिप्रोसाठी सहा तास थांबा.