पाठकोरा कागद

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज, आणि इतक्या पावसातही आलेले तुम्ही सगळे,

आत्ता माझी ओळख करून देताना ताई प्रेमाने म्हणाल्या, 'घरदार, शाळा, सगळं सांभाळून यांनी लेखन केलं.' तीस वर्षं माझ्या प्रत्येक ओळखीत हे वाक्य आहे. त्यातली माया मला कळते. पण 'सांभाळून' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, आणि आज तुम्ही ऐकायला बसला आहात तर ते मांडतेच. घर सांभाळायचं, मुलं सांभाळायची, आल्या-गेल्याचं बघायचं. मग लेखन कोण सांभाळणार? लोणच्याची बरणी घर कसं सांभाळतं ते आठवा. तोंडाला फडकं बांधलेलं असतं, ओला हात कुणी घालत नाही, चार वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. वहीच्या वाट्याला असं काही येत नाही.

पत्रिकेत विषय 'लेखन आणि संसार : वेळेचं गणित' असा छापला आहे. गणिताकडे येते. आधी गोष्ट सांगते.

१९८८ सालची. मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरात सासू-सासरे, दोन मुलं, दीर-जाऊ वरच्या मजल्यावर. कच्चं लिखाण मी घटक चाचणीच्या सायक्लोस्टाइल कागदांच्या मागे करायची. पुढे चौथीचा भूगोल, मागे माझी कथा. पक्कं मात्र कोऱ्या फुलस्केपवर, कारण मासिकांचा नियम तुम्हाला माहीत आहे : मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहावा. म्हणजे मी जे उत्तम म्हणून पाठवणार, ते सगळं पाठकोरं. आणि आपल्या घरांत पाठकोरा कागद म्हणजे काय? वाया न घालवण्याची वस्तू! लग्नपत्रिकेची कोरी बाजू, कॅलेंडरचं उलटलेलं पान, सगळं जपून ठेवायचं आणि वापरायचं. मलाही ते वळण आवडतं, मी स्वतः त्यावरच कच्चं लिहीत होते.

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहिली होती. इथे जरा आडवाटेला जाते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीत वाचायची रीत पडली, आणि तिचा मला अभिमान आहे. पण अंक दिवाळीत हवा तर मजकूर कधी लागतो? श्रावण-भाद्रपदात. मंगळागौर, नारळीपौर्णिमा, गणपती, गौरी. घरातल्या बाईला मान वर करायला फुरसत नसते, नेमके ते दिवस. या रांगेत लिहिणाऱ्या बायका आहेत, त्या माना डोलावताहेत बघा. (हशा)

तर गौरी परवावर आल्या होत्या. मी शाळेतून आले. कथेची अकरा पानं टाचणी लावून डब्याखाली ठेवली होती, उद्या पोस्टात टाकायची. मोजली तर दहाच. शेवटचं पान नाही. मी विचारलं तेव्हा सासूबाई चणाडाळ निवडत होत्या. म्हणाल्या, 'एका बाजूला लिहिलेला होता तो? त्याच्यावर यादी केली गं वाण्याची. दुसरी बाजू कोरी होती ना.' त्यांनी सांगितलं होतं आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाने लिहिलं होतं. यादी घेऊन तोच गेला होता.

मी तशीच चप्पल घालून निघाले. दुकानात गौरीची गर्दी. दुकानदार माल दिला की यादी तारेच्या आकड्यात टोचून ठेवायचे. त्यांनी आकडा काढून हातात दिला, 'बघा वहिनी, यातच असेल.' शंभर तरी चिठ्ठ्या होत्या. मी त्या एकेक वर सरकवत गेले. कुणाचा साबुदाणा, कुणाची उदबत्ती. आणि मग मुलाचं अक्षर दिसलं : रवा दोन किलो, पिठीसाखर, सुकं खोबरं अर्धा किलो, 'वेलदडे'. खाली पेन्सिलीने बेरीज. उलटला तर माझ्या कथेतली म्हातारी उंबऱ्याशी उभी, आणि तार बरोबर 'उंबऱ्या'मधून आरपार गेलेली.

मी घरी आले. कुणावर ओरडले नाही. ओरडणार कुणावर? चुकलं कुणाचंच नव्हतं. मुलाने शहाण्यासारखं काम केलं होतं, सासूबाईंनी काटकसर केली होती. वहीला फडकं बांधायचं असतं हे घराला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते मी सांगायला हवं होतं. मी मात्र तोवर लिहायची ती चोरून. कुणी आलं की कागद परडीखाली सरकवायची. लपवलेल्या वस्तूचा मान घर कसा ठेवणार?

गौरी जेवल्या, त्या रात्री पान पुन्हा उतरवलं. कथा उशिरा पोचली आणि 'साभार परत' आली, अंक भरला होता. पुढच्या वर्षी दुसरीकडे छापून आली.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मुद्द्यावर येते.

माझा मुद्दा जात्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून आणि माणसं जोडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या रचणाऱ्या बायांना आपल्यापेक्षा जास्त वेळ होता का? मुळीच नाही. पण पहाटेचा दळणाचा वेळ घराने मान्य केलेला होता. दळण अर्धं टाकून ऊठ, असं कुणी म्हणत नसे, कारण त्याशिवाय भाकरी नव्हती. हात जात्याच्या खुंट्यावर, घास घालायचा आणि ओवी म्हणायची. गिरणी आली, बायांचे खांदे वाचले, आणि ते झालंच पाहिजे होतं. पण त्याबरोबर तो मान्य वेळही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी दिला नाही.

बहिणाबाई चौधरींची गाणी संसारातच, शेतात आणि घरकामात झाली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं, ते मुलाने गाणी उतरवून ठेवली होती म्हणून. घरातल्या एकाने सांभाळलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. तेवढी वाट सगळ्यांना बघावी लागू नये.

म्हणून वेळेचं गणित मला एका ओळीत सांगता येतं. रोज पाऊण तास, ठरलेला, दळणासारखा सगळ्यांना माहीत असलेला. त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्याने मोजायच्या. पुरुष लेखकांनाही हेच सांगते, बायको लिहीत असेल तर शिट्ट्या तुम्ही मोजा.

आणि वही. मी त्या दिवाळीत बाजारातून व्यापाऱ्यांची लाल कापडी बांधणीची चोपडी आणली, जमाखर्चाची असते तशी. हिशेबाच्या वहीतलं पान आपल्या घरांत कुणी फाडत नाही. ती उघड्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या लिहिण्याची. सासूबाई पुढे त्यावरची धूळसुद्धा पुसायच्या. आता त्या नाहीत. चोपड्या अकरा झाल्या.

घंटा झाली. तो कागद मी बरोबर आणला आहे, पुढच्या रांगेपासून मागे द्या. भोक दिसेल, आणि 'वेलदडे'च्या बाजूला हळदीचा डाग आहे तो सासूबाईंच्या बोटाचा. फक्त घडीवरून दुमडू नका, तिथे विरला आहे.