एका पेटीला चार कुलपं

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीच्या सॅक्सनी भागात लाइस्निग नावाचं एक छोटं गाव आहे. 1523 साली तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, एक नियमावली तयार केली आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहून ती छापली. नियम साधा होता. चर्चच्या जमिनींचं उत्पन्न, जुन्या देणग्या, रविवारचं अर्पण, जे काही धर्मादाय असेल ते सगळं एकाच पेटीत जमा करायचं. पाळकाचा आणि शिक्षकाचा पगार, इमारतीची डागडुजी, अनाथ, म्हातारे, आजारी, कारागिरांना उसनी रक्कम, वाईट वर्षासाठी धान्य, सगळं त्याच पेटीतून. कारभारी दहा : दोन सरदारांचे, दोन नगरसभेचे, तीन गावकरी आणि तीन खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार वेगवेगळी कुलपं, आणि या चार गटांकडे एकेक किल्ली.

योजना उत्तम होती, पण अडली. नगरसभेने आपल्या हातातलं उत्पन्न पेटीत टाकायलाच नकार दिला. पाचशे वर्षं झाली, तरी मंडळ्यांचं सामायिक मिशनकार्य अजून याच ठिकाणी अडतं. एकत्र काम करायला सगळे तयार असतात, किल्ली द्यायची वेळ आली की हात खिशात जातात. आजचं बोलणं या किल्ल्यांबद्दल आहे.

आपल्या नवापूर-नंदुरबारकडच्या जुन्या मंडळ्या मुख्यतः स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या पंथाच्या, नाहीत. पण सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशात ल्यूथरन मंडळी भेटते. स्वीडिश मिशनने 1877 साली तिथे काम सुरू केलं, तिचं मुख्य ठिकाण छिंदवाडा, आणि बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं हॉस्पिटल तिचंच. देशातल्या ल्यूथरन कामाची सुरुवात त्याहून बरीच जुनी. 9 जुलै 1706 रोजी त्सीगनबाल्ग आणि प्ल्युचाऊ हे दोन तरुण मिशनरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. पुढे 1842 मध्ये गुंटूर, 1845 मध्ये रांची. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या देशाची मिशन, वेगळी भाषा, वेगळी तिजोरी.

या सगळ्यांचा महासंघ 1926 साली झाला आणि 1975 पासून तो युनायटेड इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन इंडिया या नावाने चालतो. कार्यालय चेन्नईला. जमिनी, घटना, निवडणुका मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. हे ल्यूथरन स्वभावाला धरूनच आहे. ल्यूथरन पंथाची श्रद्धा मांडणाऱ्या 1530 च्या ऑग्सबुर्ग कबुलीजबाबातलं सातवं कलम सांगतं की शुभवर्तमानाची शिकवण आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार यांवर एकमत असलं की मंडळीच्या ऐक्याला तेवढं पुरे, रीतिरिवाज सगळीकडे सारखे असलेच पाहिजेत असं नाही. म्हणून इथे वरून हुकूम सुटत नाही. वाटा ठरवून द्यावा लागतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्यूथरन संस्थेतही मंडळी आपल्या अर्पणातला काही टक्के वाटा प्रादेशिक सिनॉडला, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या संघाला, पाठवते, सिनॉड त्यातला भाग पुढे मध्यवर्ती कामाला देतं.

आता ही रीत आपल्या मातीत लावून बघू. ज्या कुठल्या पंथाच्या चार मंडळ्या एकत्र येऊन आरोग्यसेवेचं काम करायचं म्हणतात, त्यांना ती लागू पडते. समजा प्रत्येकीचं महिन्याचं अर्पण सरासरी 6,000 रुपये आहे. दहा टक्के ठरवले तर प्रत्येकीचे 600, चौघींचे 2,400, वर्षाचे 28,800. एवढ्यात नर्सचा पगार निघत नाही, हे आधीच सांगून टाकावं. गाडीभाडं, तपासणीचं किरकोळ सामान आणि गरजू रुग्णाचं जिल्ह्याला जाण्यायेण्याचं भाडं निघतं. जेवढं निघतं तेवढंच काम हाती घ्यावं.

वाटा टक्क्यांत ठेवायचा, ठरावीक रकमेत नको. कारण आपला हंगाम. कापूस विकला जातो तेव्हा अर्पणाच्या थैल्या भरतात, आणि दिवाळीनंतर नंदुरबार-साक्रीकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे गेली की उपासनेला म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. ठरावीक 600 रुपये त्या महिन्यांत निघत नाहीत. थकबाकी चढते, थकबाकीची लाज वाटते आणि लाजेपोटी त्या मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ, बैठकीला यायचंच बंद करतो. टक्क्यांत ठेवलं की 2,000 अर्पणाला 200 रुपये, हिशेब पूर्ण, मान खाली घालायचं कारण नाही.

दुसरं, दर महिन्याला पाच तारखेच्या आत पाठवा. वर्षअखेरीला एकदम देऊ, असं म्हटलं की मधे छपराचे पत्रे येतात, माइक येतो, नाताळ येतो आणि वाटा त्यात विरघळतो. केळीला ठिबकने पाणी द्यायचं की महिन्यातून एकदा मोट सोडायची, हे रावेर-यावलच्या श्रोत्यांना आम्ही काय सांगावं?

मोजणी उपासना संपल्यावर लगेच, तिथेच. मोजणारे दोघं, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोघांच्या सह्या, मग खजिनदाराची. पाकीट घरी नेऊन मोजणारा खजिनदार कितीही प्रामाणिक असो, त्याच्यावर संशयाची वेळ आपणच आणतो.

कापणीच्या सणाचं वेगळं. लाल भोपळा, कोंबडा, ज्वारीचं पोतं, भरताची वांगी यांचा लिलाव होतो, बोली रंगते, पन्नासाची वांगी तीनशेला जातात. टाळ्या पडतात आणि बोली घेणारा म्हणतो, कापूस गेला की देतो. ही उधारी बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेली नसते. लिलावाच्या वहीत चार रकाने आखा : वस्तू, बोली, नाव, मिळाले की बाकी. आणि वाटा मिळालेल्या रकमेवर काढा, बोलीवर नको. पोत्यातलं धान्य सर्वांसमोर तोलून, त्या दिवसाचा बाजारभाव वहीत टिपून ठेवा.

सामायिक खात्यावर तीन सह्या हव्यात, त्यातल्या कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार, आणि हे दोघं वेगवेगळ्या मंडळ्यांचे. लाइस्निगची चार कुलपं आज बँकेत अशी लावता येतात. पाळकाची बदली झाली की त्याच महिन्यात ठराव करून सही बदला. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 चं काम. दिला नाही तर परिशिष्टावर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीत, वारलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं विश्वस्त म्हणून राहतं, मग दोन गट उभे राहतात आणि सेवेचा पैसा वकिलाकडे जातो. खानदेशात काय, सबंध महाराष्ट्रात मंडळ्यांच्या भांडणाचं मूळ शोधायला गेलं तर शास्त्रवचनापेक्षा हा न भरलेला अर्जच जास्त वेळा सापडेल.

परदेशी पैशाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. विदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून अशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात स्वीकारता येते, प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने घ्यावी आणि खालच्या लहान मंडळ्यांना वाटावी, ही जुनी वाट बंद झाली. याचं दुःख करण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात रांचीच्या गोस्नर मंडळीचे जर्मन मिशनरी इंग्रज सरकारने हलवले आणि मागचा पैसा थांबला. 10 जुलै 1919 रोजी त्या मंडळीने आपला कारभार आपल्या हाती घेतला. ती आजही उभी आहे.

आता या 28,800 मधून करायचं काय? आमचं मत असं की नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री या पट्ट्यात पहिलं काम सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. सरकारची मोहीम आहे, चाचणी सरकारी यंत्रणेतच करून घ्यायची. मंडळ्यांनी माणसं गोळा करायची आणि नंतर त्यांच्या मागे राहायचं. चूक इथेच होते. शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते, नळीतलं पाणी गढूळ झालं की पॉझिटिव्ह. पण ही चाचणी वाहक (ज्याच्यात दोष आहे पण आजार नाही) आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. ती झाली नाही की धडधाकट वाहकाला घरचे आजारी ठरवतात आणि खऱ्या रुग्णाला औषध मिळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाची सोल्युबिलिटी चाचणी करू नका, ती फसवते.

लग्न ठरवताना सांगायची गोष्ट : दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. एक मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी करत असेल तर तो तिथल्या तिथे मोडून काढा.

शिबिराच्या टेबलावर पत्रकं, वचनांची कार्डं काही ठेवू नका, रांगेत प्रार्थनेची अट तर नकोच. मार्च 1522 मध्ये विटेनबर्गच्या प्रवचनांत ल्यूथरने सांगितलं होतं की मी उपदेश करीन, शिकवीन, लिहीन, पण कोणावर बळजबरी करणार नाही. औषधाच्या रांगेत उभा असलेला माणूस नाही म्हणायला मोकळा नसतो, म्हणून तिथे दिलेलं पत्रकही बळजबरीकडेच झुकतं.

तारीख दिवाळीआधीची धरा. टोळ्या निघून गेल्यावरचं शिबिर रिकामं जातं. होळीला माणसं परत येतात, तेव्हा दुसरी फेरी. ज्याचा आजार पक्का झाला त्याला ऊसतोड जास्त बाधते : पहाटेची थंडी, जड मोळ्या, पाणी कमी, आणि अंगात कळा सुरू. जाताना त्याच्याजवळ रिपोर्टची झेरॉक्स आणि फडाच्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव लिहिलेलं असू द्या, मुकादमाचा मोबाइल नंबर आपल्या वहीत. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून देऊ नका. त्या औषधावर ठरावीक दिवसांनी रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तारीख कार्डावर मोठ्या आकड्यात लिहा आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी मुकादमाला फोन करायचं काम चारपैकी एका मंडळीकडे नावानिशी सोपवा.

नमस्कार.