इशारा करून थांबणारे

युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात एक चिंपांझी दुसऱ्याजवळ येऊन बसतो आणि स्वतःचाच दंड खसाखसा खाजवायला लागतो. हात लांबवर फिरवत, शेजारच्याला आवाज जाईल असा. त्याला खाज सुटलेली नसते. ‘बस जरा, एकमेकांचे केस साफ करू’ असं त्याचं म्हणणं असतं. थोडं पलीकडे एक आई निघायच्या तयारीत असते. ती मागे बघून पिल्लासमोर पायाचा तळवा धरते. पिल्लू पाय पकडून पाठीवर चढतं आणि दोघं निघतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘असं त्याचं म्हणणं असतं’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? रास्त शंका आहे, आणि आजचं माझं बरंचसं बोलणं या शंकेभोवतीच फिरणार आहे. प्राण्यांच्या हावभावांचे व्हिडिओ आपण सगळेच पाहतो, खाली कोणीतरी गमतीदार वाक्यंही टाकलेली असतात. पण प्राण्याने केलेली हालचाल आणि प्राण्याने केलेला इशारा यांत फरक आहे. कुत्रा थंडीने कुडकुडतो, त्यावरून मला थंडी किती आहे ते कळतं. पण ते त्याने मला सांगितलेलं नसतं. सांगितलं म्हणायचं तर तीन गोष्टी दिसाव्या लागतात. समोरचा बघतोय का, याची तो आधी खात्री करून घेतो. इशारा केल्यावर थांबतो, उत्तराची वाट बघतो. आणि उत्तर मिळालं नाही तर पुन्हा करतो, किंवा दुसरं काहीतरी करून बघतो. माझ्या मते या तिन्हींत मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपलं लक्ष हाताकडे जातं. बघायला हवं ते हात थांबल्यानंतरच्या त्या दोन-चार क्षणांकडे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या कॅथरीन होबाइटर आणि रिचर्ड बर्न यांनी बुडोंगोत नेमकं हेच केलं. आधी त्यांनी चिंपांझींच्या हावभावांचे ६६ प्रकार नोंदवले. मग प्रश्न आला अर्थाचा. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती इतकी साधी आहे. इशारा करणारा कशाने गप्प बसतो, ते बघायचं. एकाने हात उंचावला, समोरचा जवळ आला, तरी तो हात उंचावतोच आहे. म्हणजे नुसतं जवळ येणं त्याला नको होतं. समोरच्याने हातातला तुकडा पुढे केला आणि हा थांबला. म्हणजे तेच हवं होतं. अशी शेकडो उदाहरणं जमली की अर्थ आपोआप वर येतो. २०१४ साली त्यांनी या पद्धतीने १९ वेगवेगळे हेतू मांडले. ‘थांब’, ‘माझ्यामागे ये’, ‘लांब हो’, ‘मला ते दे’, ‘पाठीवर चढ’. काही हावभावांना एकच अर्थ आहे, काहींना दोन-तीन. पान दातांनी टरटरा फाडून दाखवणं याचा बुडोंगोत अर्थ एकच, आणि तो प्रणयाचा.

समोरच्याची पाठ असेल तर चिंपांझी मूक इशारा करत बसत नाही. आधी स्पर्श करतो, किंवा आवाज होईल असं काहीतरी करतो. २०२४ साली आणखी एक काम आलं. पूर्व आफ्रिकेतल्या पाच समूहांतले २५२ चिंपांझी आणि त्यांचे साडेआठ हजारांहून अधिक हावभाव. त्यातून दिसलं की इशाऱ्याला इशाऱ्यानेच उत्तर मिळतं तेव्हा मधलं अंतर सरासरी १२० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. माणसांच्या संभाषणात ते सुमारे २०० असतं. ‘तू बोल, मग मी’ ही शिस्त त्यांनाही आहे, आणि ते आपल्यापेक्षा जरा घाईत असतात.

या सगळ्यापेक्षा माझं मन एका ओरांगउटानांवरच्या प्रयोगात जास्त अडकलेलं आहे. एरिका कार्टमिल आणि बर्न यांनी तो २००७ साली प्राणिसंग्रहालयात केला. ओरांगउटानासमोर दोन पदार्थ, एक अतिशय आवडता, एक नावडता. दोन्ही हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. मध्ये ओळखीचा माणूस बसलेला. ओरांगउटान इशारे करू लागला की माणूस तीनपैकी एक काहीतरी करणार. आवडता पदार्थ सगळा देणार. किंवा अर्धाच देऊन गप्प बसणार. किंवा साफ गैरसमज झाल्यासारखा नावडता पदार्थ पुढे करणार. सगळं मिळालं की इशारे बंद, हे अपेक्षितच. पण पुढचं बघा. अर्धं मिळालं तर ओरांगउटान मघाशी केलेलेच इशारे पुन्हा पुन्हा करायचे. म्हणजे, बरोबर कळलंय तुला, पुढे चल. आणि नावडतं हातात पडलं तर ते आधीचे इशारे सोडून द्यायचे आणि नवे काढायचे. म्हणजे, हे काही याला कळत नाही, वेगळ्या तऱ्हेने सांगून बघू. नुसत्या भुकेने हात हलत असता तर हा फरक पडला नसता. समोरच्याला कितपत कळलंय याचा काहीतरी अंदाज त्या डोक्यात आहे. आपल्याकडे न समजणाऱ्याला तेच वाक्य दुप्पट मोठ्या आवाजात सांगणारे लोक काही कमी नाहीत.

इथे नीमची गोष्ट सांगायला हवी. १९७३ साली जन्मलेला हा चिंपांझी न्यूयॉर्कमध्ये माणसांच्या घरात वाढला. भाषातज्ज्ञ नोम चॉम्स्कींच्या नावावर कोटी करून त्याचं नाव ठेवलं नीम चिम्पस्की. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांना त्याला बहिऱ्यांची खुणांची भाषा शिकवायची होती. नीम खुणा शिकला, भराभर शिकला. त्याचं सगळ्यात लांब वाक्य १६ खुणांचं होतं आणि ते साधारण असं: ‘दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू.’ नंतर टेरेस यांनी चित्रफिती सावकाश चालवून पाहिल्या तेव्हा त्यांना दिसलं की नीम बऱ्याचदा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणा परत करतो आहे, आणि शिक्षकाची खूण पुरी होण्याआधीच मध्ये घुसतो आहे. तो थांबत नव्हता. १९७९ साली त्यांनी स्वतःच्याच प्रकल्पाच्या विरोधात जाणारा निष्कर्ष छापला, त्याला धैर्य लागतं. पण मला वाटतं त्या काळात प्रश्नच उलटा विचारला गेला. त्याला आपल्या खुणा येतात का, हे तपासण्यात वर्षं गेली. त्याच्या जातभाईंच्या आपापल्या खुणा जंगलात चालूच होत्या.

आता पक्षी. पक्ष्याला हात नाहीत, त्यामुळे त्याचा इशारा आपल्या नजरेतून सहज निसटतो. रेव्हन, म्हणजे डोमकावळ्याचा थंड मुलखातला थोरला भाऊबंद. ऑस्ट्रियात ग्रुनाऊ इथे सिमोन पिका आणि थॉमस बुगन्यार यांनी २०११ साली नोंदवलं की हा पक्षी चोचीत शेवाळाचा गोळा, खडा किंवा काडी धरून ती दुसऱ्या रेव्हनला दाखवतो. खायचं काहीही नाही, निव्वळ वस्तू. बहुतेकदा नर मादीला, मादी नराला. समोरचा वस्तूकडे बघतो आणि मग दोघांची चोचीला चोच लावून सलगी सुरू होते. अरबी बॅबलर हा तर आपल्या सातभाईंच्याच कुळातला. वाळवंटात राहतो, असाच टोळीने. त्यातला पक्षी एखादी काडी चोचीत धरून जोडीदाराला दाखवतो आणि टोळीपासून दूर आडोशाला घेऊन जातो. एकत्र कुटुंबात राहायचं म्हटल्यावर एकांतासाठी काहीतरी तोड काढावीच लागते.

पण पक्ष्यांमधला माझा लाडका इशारा जपानी टिटचा. आपल्या राखी वल्गुलीची ही जवळची नातलग, चिमणीएवढी. पिल्लांचा खाऊ घेऊन नर-मादी एकाच वेळी घरट्याशी आले की दार एवढंसं असल्याने एकालाच आत जाता येतं. नागानोच्या जंगलात तोशिताका सुझुकी यांनी लावलेल्या लाकडी पेट्यांवर आठ जोड्यांच्या ३०० हून अधिक फेऱ्या तपासल्या गेल्या. बहुतेकदा मादी जवळच्या फांदीवर बसते आणि नराकडे तोंड करून पंख थरथरवते. नर आधी आत जातो, मग ती. तिने पंख हलवले नाहीत तर सहसा तीच आधी जाते. जोडीदार नसताना ही थरथर होत नाही, आणि तो आत शिरला की ती लगेच बंद होते. ‘आधी तुम्ही’ म्हणणं आलं, आणि थांबणंही आलं.

आता आपली बाळं. एक ते दोन वर्षांच्या मुलांचे हावभाव २०१९ साली याच सेंट अँड्र्यूजच्या पद्धतीने मोजले गेले. ५२ निघाले आणि त्यातले ४६ चिंपांझींमध्येही सापडतात. हात पुढे करणं, ढकलणं, ओढणं, पाय आपटणं. ज्यांच्या घरी दीड वर्षाचं मूल आहे त्यांना आश्चर्य वाटू नये.

पण साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या सुमाराला एक बोट वर येतं. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९७५ सालीच दाखवलं होतं की हे बोट दोन कामं करतं. एक ‘मला ते दे’ आणि दुसरं नुसतंच ‘ते बघ’. पहिलं काम पिंजऱ्यातले चिंपांझीही करतात. केळं लांब असलं की माणसाला हाताने दाखवतात. दुसरं वेगळं आहे. बाळाला पंखा नको असतो, पंखा तुम्ही बघायला हवा असतो.

उल्फ लिझकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे पारखून घेतलं. वर्षाच्या बाळासमोर पडद्यामागून बाहुली डोकावते, बाळ बोट दाखवतं. शेजारची मोठी व्यक्ती कधी नुसतीच बाहुलीकडे बघते, कधी बाहुलीकडे न बघता बाळाकडेच बघून कौतुक करते, कधी लक्षच देत नाही. या तिन्हींनी बाळाचं समाधान होत नाही. बाहुलीकडे बघून मग त्याच्याकडे बघत ‘अरे वा!’ म्हटलं तरच होतं. नुसतं कौतुक केलं तर बाळ पुन्हा बोट दाखवतं: माझ्याकडे काय बघतेस, तिकडे बघ. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या प्रयोगात बाई स्टेपलरसारखी वस्तू वापरून बाहेर जाते, मागे कोणीतरी ती हलवतं. बाई परत येऊन शोधू लागली की वर्षाचं मूल बोटाने जागा दाखवतं. त्या वस्तूशी त्याला काहीही देणंघेणं नाही. वर्ष पुरं झालेलं नाही तोच आपल्यातली माहिती पुरवायची खोड सुरू!

आणि हे बोट शब्दांच्या पुढे चालतं. जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दहा मुलांचा दहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला. समजा मूल वडिलांच्या चपलेकडे बोट दाखवून ‘बाबा’ म्हणतं. म्हणजे बाबा तोंडात आणि चप्पल बोटात. हे ज्या मुलांमध्ये आधी दिसलं, त्यांची ‘बाबा चप्पल’ सारखी दोन शब्दांची जोडीही आधी आली. म्हणून ‘अजून बोलत नाही’ अशी काळजी करणाऱ्या आजीला मी आधी विचारतो, बोट दाखवतो का? मग तुमच्याकडे वळून बघतो का? दोन्ही होत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

मग ‘ते बघ’ ही निव्वळ माणसाची मिरास का? परवापरवापर्यंत बहुतेक जण हो म्हणत. २०२२ साली युगांडातल्याच किबालेच्या जंगलातली एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. फिओना नावाची वयात आलेली चिंपांझी पान हातात घेऊन ते बोटांनी निवडत, चाचपत होती. ही त्यांची नेहमीची सवय. आई, सदरलंड, शेजारी बसलेली. फिओनाने पान आईपुढे धरलं. आईचे फक्त डोळे हलले. फिओनाने पान आणखी जवळ नेलं. आईने मान खाली वळवून पाहिलं, तेव्हा फिओनाने हात मागे घेतला आणि आपलं काम पुढे चालू केलं. पान खाऊ म्हणून दिलं नव्हतं, खेळायला बोलावलं नव्हतं. संशोधकांनी याला ‘दाखवणं’ म्हटलं. टीकाकार म्हणाले, एका घटनेवर एवढा इमला नको. मी मध्ये उभा आहे. घटना खरी वाटते, कारण मान वळेपर्यंत ती थांबली. पण आपलं मूल असं जेवायच्या आत दहादा करतं, आणि या ‘दहादा’लाही अर्थ आहे.

मघाशी चिठ्ठी आली आहे: आपल्या माकडांचं काय? सह्याद्रीतही जे टोपी माकड दिसतं त्याच्यावर कर्नाटकात बंडीपूरला काम झालं आहे. २०१८ साली अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी दाखवलं की ही माकडं पर्यटकांकडे खाणं मागताना हात पुढे करतात, माणसाचं लक्ष आहे का ते बघतात, थांबतात, आणि मिळालं की मागणं बंद करतात. म्हणजे मघाच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात. मागणी मात्र ‘मला दे’ याच जातीची, आणि ती पर्यटकांच्या बिस्किटांच्या जिवावर पोसलेली. तेव्हा घाटात गाडी थांबवून बघायचं असेल तर जरूर बघा. काच बंद ठेवा, पुडा आत ठेवा, आणि त्याने हात पुढे केल्यावर त्याचे डोळे कुठे आहेत ते पाहा.