एका उडीचं मेडल : एलिझाबेट तुर्सिनबायेवा

22 मार्च 2019. जपानमधलं सायतामा, फिगर स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेचा दुसरा, मोठा राउंड. बर्फावर कझाकस्तानची एलिझाबेट तुर्सिनबायेवा, वय 19.

आता तिचा डावा पाय बघा. ती उलटी घसरत येतेय, ब्लेडची आतली कड बर्फात रुतवलीये, दुसरा पाय गोल फिरून पुढे येतो आणि झाली उडी. ब्लेडच्या पुढच्या दात्यांनी टोचा मारून जोर घ्यायचा नाही, सगळं त्या कडेवरच, या उडीचं नाव सालकाव. पाऊण सेकंदही होत नाही तोवर हवेत चार गिरक्या, आणि पोरगी चक्क उभी! सीनियर लेव्हलला इंटरनॅशनल स्पर्धेत क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची उडी, मारणारी पहिली बाई.

तोपर्यंत तिचं करिअर म्हणजे, खरं सांगायचं तर, चांगलं पण मधल्या फळीतलं. जन्म मॉस्कोचा, खेळायची कझाकस्तानकडून. 2016 ला यूथ ऑलिम्पिकचं ब्राँझ, 2017 ला साप्पोरोच्या एशियन गेम्समध्ये परत ब्राँझ, 2018 च्या ऑलिम्पिकला बारावी. कित्येक वर्षं टोरोंटोत ब्रायन ऑर्सरकडे शिकली आणि मग 2018 मध्ये मॉस्कोला एतेरी तुतबेरिद्झेकडे परत गेली. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात येवगेनिया मेदवेदेवा तुतबेरिद्झेला सोडून ऑर्सरकडे आली, म्हणजे दोघींनी कोचच बदलून घेतले म्हणा ना!

त्याच जुलैमध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीत स्केटर डेनिस टेनचा खून झाला, गाडीचे आरसे चोरणाऱ्यांनी भोसकलं त्याला. सोची ऑलिम्पिकचं ब्राँझ आणणारा, कझाक स्केटिंगला जगात ओळख देणारा माणूस गेला, त्यामुळे सायतामात तुर्सिनबायेवाकडे कझाकस्तानातल्या लोकांचं किती लक्ष असेल ते वेगळं सांगायला नको.

निकाल लागला. अलिना झागितोवा गोल्ड, तुर्सिनबायेवा 224.76 वर सिल्व्हर, आणि ब्राँझ कुणाला? मेदवेदेवालाच, 223.80. एक पॉइंटसुद्धा फरक नाही. आता हिशोब करा, तेव्हा क्वाड सालकावची बेस व्हॅल्यू, म्हणजे उडीचे ठरलेले मूळ पॉइंट, 9.7, ट्रिपलची (तीन गिरक्यांची) 4.3. ट्रिपलवर भागवलं असतं तर मेडलच हुकलं असतं, सिल्व्हर तर लांबच.

पण पाठीने साथ दिली नाही. पुढच्या सीझनला तुतबेरिद्झेच्याच शाळेतल्या ट्रुसोवा आणि श्चेरबाकोवा सीनियरला येऊन धडाधड क्वाड मारायला लागल्या आणि ही दुखापतीमुळे बाहेर. 2021 मध्ये तिने रिटायरमेंट जाहीर केली, अवघ्या 21 व्या वर्षी.